मृगाची पेरणी आणि मुलांचा प्रवेश

आपल्या बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी जून महिन्यात दोन प्रकारची घाई एकदमच येते. मृग नक्षत्र लागते, पहिल्या पावसाने जमिनीस वाफसा येतो, सरकी, सोयाबीन व तूर पेरावयाची असते, आणि बी-खताच्या दुकानी हातातला पैसा संपून गेलेला असतो. नेमक्या ह्याच दिवसांत बारावी झालेल्या मुलाचा वा मुलीचा महाविद्यालयात प्रवेश करावयाचा असतो. पेरणीची तयारी आपण किती आधीपासून करतो! नांगरट उन्हाळ्यात उरकतो, कुळवाच्या पाळ्या देतो, बियाण्याची उगवण घरी तपासून पाहतो. प्रवेशाच्या बाबतीत मात्र निकाल हाती पडेपर्यंत आपण स्वस्थ बसतो आणि मग एका रात्रीत मुलाच्या पुढील आयुष्याचा निर्णय करून मोकळे होतो. ही रीत मोडावी, असे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

आपल्या आजोबांच्या पिढीस ही काळजी नव्हती, कारण तेव्हा उघडी दारेच थोडी होती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू. खेड्यातील मराठी मुलाने एक तर तिकडे जावे, नाही तर सरहद्द ओलांडून पुणे गाठावे. पुढे १९५८ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठ झाले. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ झाले. आणि १९७४ साली आपल्याच अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तरीही वैद्यकीय प्रवेशात विभागवार ७०:३० अशी वाटणी होती. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, म्हणून आपल्या मुलांच्या वाट्यास जागाही कमी येत. ती वाटणी २०२० च्या सप्टेंबरात रद्द झाली. तात्पर्य, दारे आता उघडली आहेत. परंतु प्रत्येक दारास नियमांची चौकट आहे, आणि ती न पाहता आत शिरणाऱ्याचे कपाळ तिच्यावर आपटते.

माझे स्वतःचे आपटले आहे, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजतो. माझ्या थोरल्या मुलास लहानपणापासून विजेच्या कामाचा नाद. विहिरीवरचा पंप बंद पडला की स्टार्टर खोलून तो दुरुस्त करावा, जळालेली मोटार गुंडाळताना कारागिराजवळ दिवस दिवस बसावे. त्यास अभियांत्रिकीची वीज शाखा हवी होती. मला मात्र शेजारच्या मळ्यातील मुलगा पुण्यास संगणकाचे काम करून चांगला पगार मिळवितो, हे दिसत होते. पसंतीक्रम भरावयाच्या शेवटच्या दिवशी रानात तिफण चालू होती. मुलास तिफणीमागे ठेवून मी एकटाच तालुक्याच्या गावी गेलो आणि एका सेवाकेंद्रात बसून, तेथील इसमाच्या सल्ल्याने, दूरच्या एका खासगी महाविद्यालयाची संगणक शाखा पहिल्या क्रमांकावर लिहविली. पहिल्याच फेरीत ती जागा मिळाली. पहिल्या पसंतीची जागा पहिल्या फेरीत मिळाली तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांत उभे राहता येत नाही, हा नियम मला तेव्हा ठाऊक नव्हता. मुलगा माझ्या शब्दाबाहेर गेला नाही. दोन वर्षे त्याने कशीबशी काढली आणि एके दिवशी पेटी घेऊन तो घरी आला. फी गेली, दीड एकराचा तुकडा गहाण पडला, आणि ह्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाप-लेकांतील बोलणे वर्षभर बंद राहिले. आज तो तंत्रनिकेतनात वीज शाखेतच शिकत आहे; त्याच्या वर्गातील मुले त्याच्याहून तीन-चार वर्षांनी लहान आहेत.

ह्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की, प्रवेशाच्या कामी मशागत बापाची आणि पिकाची निवड मुलाची. कागदपत्रे, पैशाचा हिशेब आणि चौकशी हे आपले काम. पसंतीक्रम लिहिणे हे त्याचे. आपण नेमके उलट करतो. कागदांसाठी ऐन परीक्षेच्या तोंडावर मुलास तहसिलात उभे करतो, आणि पसंतीक्रम मात्र आपल्या हाती ठेवतो.

प्रथम मशागतीविषयी. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, ही नावे सर्वांस ठाऊक आहेत. पण जातीचा दाखला पेटीत आहे म्हणजे झाले, असे पुष्कळांस वाटते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचे निर्गम उतारे आणि जुन्या महसुली नोंदी जमवाव्या लागतात. आपल्या भागातील पुष्कळ जुने कागद मोडीत किंवा उर्दूत आहेत. ते वाचणारा शोधण्यातच आठवडे जातात. हे काम मूल अकरावीत असतानाच हाती घ्यावे. नॉन-क्रीमीलेयरच्या दाखल्यावर मुदतीचे वर्ष लिहिलेले असते आणि त्या वर्षीच्या ३१ मार्चला तो निकामी होतो. गतवर्षीचा कागद घेऊन गेलेला मनुष्य हात हलवीत परत येतो. दहावीच्या गुणपत्रकावरील नाव, आधारावरील नाव आणि दाखल्यावरील नाव ह्यांत एका अक्षराचा फरक असला तरी खोळंबा होतो. तो आधी दुरुस्त करावा.

ह्या सर्वांस योग्य हंगाम कोणता? रब्बीची ज्वारी पेरून झाली म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत शेतकऱ्यास थोडी उसंत असते आणि तहसिलातही जूनसारखी झुंबड नसते. तोच काळ कागदांचा. उत्पन्नाचा दाखला तेवढा नव्या आर्थिक वर्षाचा लागतो. तो एप्रिल लागताच काढावा. कृषी पदवीकडे जाणाऱ्या मुलाने सात-बाराचा उताराही जवळ ठेवावा. तो कोठे व कसा उपयोगी पडतो हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. माहितीपुस्तिका दरवर्षी नवी निघते. मागील वर्षी भावकीतील कोणास काय सांगितले होते, ह्यावर भिस्त ठेवणे म्हणजे गेल्या सालच्या पावसावर यंदाची पेरणी करणे होय.

आता पसंतीक्रमाविषयी. वैद्यकीय शाखेसाठी नीट आणि अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषी शाखांसाठी राज्याची सीईटी ह्या परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होतात. परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंत जे दिवस मिळतात, ते वाया दवडू नयेत. मुलास एक वही द्यावी. तीत त्याने आपल्या मनाच्या क्रमाने महाविद्यालये व शाखा लिहाव्यात, आणि प्रत्येकीपुढे गतवर्षी प्रवेश कोठवर थांबला होता तो आकडा, वार्षिक फी, वसतिगृहाची सोय व गावापासूनचे अंतर ही माहिती भरावी. दोन-तीन ठिकाणी एस.टी.ने जाऊन प्रत्यक्ष पाहून यावे. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो; चार वर्षांचे महाविद्यालय मात्र कागदावरील चित्र पाहून घेतो, हे कसे? प्रयोगशाळा उघडी असते काय, शिक्षक पुरेसे आहेत काय, वसतिगृहात पाणी येते काय, हे तेथे शिकणाऱ्या मुलांस विचारावे. ती खरे सांगतात.

क्रम लावताना गुण कमी पडतील ह्या भीतीने मनातील जागा खाली ढकलू नये. वर लिहिलेली जागा न मिळाल्यास यंत्रणा खालच्या जागेचा विचार करतेच. त्यात नुकसान नाही. मात्र जेथे खरोखर जावयाचे नाही ते नाव यादीत घालू नये, आणि पहिल्या क्रमांकावर तर मुळीच नको. हाच धडा अकरावीसही लागू आहे. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेशही सर्व राज्यात केंद्रीय पद्धतीने, संगणकावरून होऊ लागले. त्या वर्षी दहा महाविद्यालयांपर्यंत पसंती देता येत होती आणि पहिल्या पसंतीचा नियम तेथेही होता. आणखी एक गोष्ट. सेवाकेंद्रवाला सोयीसाठी आपलाच मोबाईल क्रमांक अर्जात घालतो आणि परवलीचा शब्दही आपल्याजवळ ठेवतो. मग फेरीची सूचना त्यास येते, आपणास येत नाही. क्रमांक घरचा असावा आणि परवलीचा शब्द मुलाच्या वहीत असावा.

काही वाचक म्हणतील, सतरा-अठरा वर्षांच्या पोरास काय कळते? कमी कळते, हे मी मान्य करतो. म्हणूनच त्याच्याशी बोलावयाचे, त्यास माहिती द्यावयाची, आणि घरची आर्थिक स्थिती उघड करून सांगावयाची. “एवढे आपणास झेपते, ह्यापुढे झेपत नाही” हे वाक्य बापाने एप्रिलातच बोलून टाकावे. आपण कर्ज मुलांपासून लपवितो आणि मग ती आपल्या ऐपतीबाहेरची स्वप्ने पाहतात म्हणून रागावतो. चार वर्षांची फी, खोलीभाडे, खानावळ व पुस्तके ह्यांचा आकडा वहीत एके ठिकाणी मांडला म्हणजे मूल समजूतदारपणे निवड करते, असा माझा दुसऱ्या खेपेचा अनुभव आहे.

पैशाच्या बाबतीत सवलतींची माहिती ठेवणे हेही बापाचेच काम. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असणाऱ्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षणशुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाहभत्ता योजना आहे. ह्यांचे अर्ज महाडीबीटीवर वेगळे करावे लागतात. प्रवेश झाला म्हणजे सवलत आपोआप मिळते, हा समज खोटा आहे. शिवाय ह्या सवलतींचा लाभ केंद्रीय फेरीतून मिळालेल्या जागेस असतो, हे लक्षात ठेवावे. “जागा मिळवून देतो, आगाऊ रक्कम आणा” असे सांगणारे दलाल ह्याच हंगामात गावोगाव हिंडतात. २०२४ साली नीट परीक्षेतील गैरप्रकारांच्या तपासाचा माग लातुरापर्यंत आला होता, हे आपण विसरू नये. अशा मनुष्याच्या हाती जमीन विकून आलेला पैसा देणे म्हणजे जमीन आणि मूल दोन्ही गमावणे.

मुलींविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहिले पाहिजेत. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षांच्या दर पाच स्त्रियांमागे दोहोंहून अधिकांची लग्ने अठराव्या वर्षाच्या आत झालेली आढळली. हे केवळ ऊसतोडीस जाणाऱ्या गरिबांच्या घरी घडते, असे म्हणून आपण बागाईतदारांनी हात झटकू नयेत. आपल्याही घरी मुलाचा पसंतीक्रम चालू असतो तेव्हा मुलीसाठी स्थळ पाहणे चालू असते. शासनाने जुलै २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्या घरच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. खानावळीचा खर्च उरतोच. पण फी परवडत नाही ही सबब पुष्कळ घरांत आता राहिलेली नाही. माझी धाकटी मुलगी सध्या औषधनिर्माण शास्त्र शिकत आहे. तिच्या वेळी वही तिने लिहिली, कागद मी जमविले, आणि पेरणी दोन दिवस मागे गेली. त्या दोन दिवसांनी सोयाबीनचे काही बिघडले नाही.

शेवटी, ज्यांस हवी ती जागा मिळणार नाही त्यांच्याविषयी. अशी मुले पुष्कळ असणार, कारण जागा थोड्या आणि उमेदवार फार. पावसाने ओढ दिली म्हणजे आपण दुबार पेरणी करतो. तिची कोणास लाज वाटत नाही. हंगाम निघून गेला तर पीक बदलतो आणि कापसाच्या रानात दुसरे काही घेतो. मग पोराच्या एका परीक्षेवरून घरात सुतक का पाळावे? पुन्हा परीक्षेस बसण्याची त्याची मनापासून इच्छा असेल तर एक वर्ष द्यावे, पण मर्यादा आधी ठरवून द्यावे. इच्छा नसेल तर दुसरी वाट धरू द्यावी. निकालाच्या दिवशी बापाने चारचौघांत काढलेला एक शब्द मूल जन्मभर विसरत नाही. त्या दिवशी आपण जेवणाच्या पाटावर त्याच्या शेजारी बसावे, एवढे पुरे आहे.

सभासदांस माझी एक सूचना आहे. मार्गशीर्षात एखादा दिवस ठरवून प्रत्येक गावच्या शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांचे पालक एकत्र बसावेत. ज्या घरची मुले गेल्या दोन-तीन वर्षांत ह्या वाटेने गेली आहेत त्यांनी इतरांचे कागद तपासून उणिवा सांगाव्यात. बियाण्याची निवड व खताचा भाव ह्यांसाठी आपण एकत्र येतो, ह्यासाठीही यावे. मृग लागण्यापूर्वी रान तयार असले म्हणजे पाऊस आला तरी धांदल होत नाही.