विचारायला काय होतं?

मागच्या महिन्यात आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य ऐकलं. ते अजून डोक्यातून जात नाही. मी माझ्या खालाचा किस्सा सांगत होते. खाला भुयारी मेट्रोच्या स्थानकात पाऊण तास हरवली होती. ऐकून एक सहकारी हसले. म्हणाले, "मॅडम, मेट्रोत कोण हरवतं? एक गाडी येते, एक जाते. डोळे उघडे ठेवायचे. आणि नाहीच कळलं तर तोंड आहे ना? विचारायला काय होतं?"

सर वाईट मनाने बोलले नाहीत. त्यांना तसं खरंच वाटतं, आणि त्यांच्यासारखं वाटणारे पुष्कळ आहेत. तेवढ्यात बेल झाली आणि मी नववी ब वर गेले. उत्तर राहून गेलं, ते इथे देते.

आधी किस्सा. खालाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तपासणीसाठी तिला मोठ्या शहरात न्यायचं होतं. कोणतं शहर, कोणतं स्थानक ते लिहीत नाही. त्या एका स्थानकाला नावं ठेवून काही साधणार नाही. खाला सदुसष्ट वर्षांची आहे. कुराण घडाघडा वाचते, उर्दू हिज्जे लावत लावत वाचते. मराठी आमच्या गावातल्या कुणाही बाईइतकी बोलते, बाजारात भाव करताना तर माझ्यापेक्षा चांगली. पण देवनागरी तिला वाचता येत नाही. सरकत्या जिन्याची तिला भीती वाटते, म्हणून मी तिला लिफ्टमध्ये बसवलं. "वर थांब, मी जिन्याने येते," म्हणाले. लिफ्टमध्ये गर्दी होती आणि जिना समोरच होता.

चूक माझी, कबूल आहे. लिफ्ट वरच्या मजल्यावर स्थानकाच्या एका टोकाला उघडली आणि माझा जिना दुसऱ्या टोकाला. भुयारी स्थानक दोनशे मीटरच्या वर लांब असू शकतं, हे मला तेव्हा पायांनी कळलं. खाला बाहेर आली, मी दिसले नाही. लोक एका दिशेने चालले होते, तीही त्यांच्या मागे चालली. तिकीट तिच्या मुठीत होतं. ते त्यांच्यासारखंच दाखवून ती गेटच्या पलीकडे गेली आणि रस्त्यावर जाणाऱ्या एका बोळात शिरली. तिथे तिच्या लक्षात आलं की आपण चुकलो. तिचा साधा फोन, त्याला खाली रेंज नव्हती. मला ती सापडली तेव्हा भिंतीवरच्या नकाशासमोर उभी होती, काचेवर बोट टेकवून. जणू काही वाचतेच आहे.

मी म्हणाले, "खाला, किसीकू पूछा क्यों नहीं?"

ती म्हणाली, "किसकू पूछू बेटी? बुर्का देख के सब बाजू हो जाते. वो पुलिसवाला दो बार आ के पूछा, क्या देख रही, किसके साथ है. डब्बा भी खोल के देखा."

तो पोलीस नव्हता, खाजगी कंपनीचा सुरक्षारक्षक होता, आणि त्याने त्याची ड्युटी केली हेही मला मान्य आहे. पिशवी घेऊन एकाच जागी बराच वेळ थांबलेल्या, इकडेतिकडे बघणाऱ्या माणसावर नजर ठेवायची, असंच त्याला शिकवलेलं असणार. पण सर, वाट चुकलेला माणूस दुसरं काय करतो? तो एकाच जागी थांबतो, इकडेतिकडे बघतो, वर छताकडे बघतो, नकाशाचा फोटो काढतो. हेच सगळं संशयिताचं लक्षण मानलं जातं. तुम्ही फॉर्मल शर्ट घालून असं उभे राहिलात तर "काही मदत करू का सर?" असं कुणी विचारेल. दाढी-टोपीवाला किंवा बुरखेवाली उभी राहिली की प्रश्न बदलतो. तो उलट दिशेने येतो. आपण विचारायच्या आधी आपल्यालाच विचारलं जातं.

म्हणजे विचारायला होतं, सर. काहींना फार होतं.

हे फक्त आमचंच दुखणं आहे असंही नाही. डोक्यावर बोचकं घेऊन आलेला शेतमजूर, हिंदी मोडकीतोडकी बोलणारी आदिवासी बाई, तोतरं बोलणारा मुलगा, ऐकू न येणारा म्हातारा, यांना कुणाला मोकळेपणाने विचारता येत नाही. पाटीचं तसं नसतं. ती तुमचा चेहरा बघत नाही, तुमचं नाव विचारत नाही, सगळ्यांना तेच उत्तर देते. म्हणून जमिनीखाली पाटी ही सोय नव्हे, हक्क आहे. तो हक्क देणं ज्याने बोगदा खणला त्याचं काम आहे, प्रवाशाच्या हुशारीचा त्याच्याशी संबंध नाही.

जमिनीवर आपण पाट्या बघून चालतच नाही. ऊन कुठल्या अंगाला आहे, मशिदीचा मिनार कुठे दिसतो, भज्यांचा वास कुठून येतो, रिक्षा कुठे उभ्या आहेत, यावर आपण चालतो. माझी खाला गावात डोळे बांधून सोडली तरी घरी येईल. खाली उतरलं की हे सगळं काढून घेतलं जातं. पांढरा उजेड, सारख्या फरशा, सारख्या भिंती. दोन-तीन वळणांत दिशा जाते. मोबाइलचा नकाशाही तिथे भरवशाचा नाही, कारण जीपीएसला आकाश लागतं. "ॲप आहे ना" म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आता आपल्या मुंबईची मेट्रो तीन घ्या. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं आणि त्यातली २६ जमिनीखाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. काम मोठं आहे, मला त्याचा आनंद आहे. एकच सरळ मार्ग, फाटे नाहीत, म्हणून गाडी चुकण्याचा संभव कमी. तरी "कफ परेडकडे" आणि "आरेकडे" एवढ्यावर नव्या माणसाचं भागत नाही. त्याला आपण कुठे जायचं ते माहीत असतं, मार्ग कुठे संपतो ते माहीत नसतं.

मी या मार्गाचा नकाशा छापून नववीच्या मुलींना दिला. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मी मराठी शिकवते. भूगोल माझा विषय नाही, पण वाचायला शिकवणं माझा विषय आहे आणि नकाशा वाचायचाच असतो. मरोळ नाक्याहून मुंबई सेंट्रल कितवं स्थानक? मिनिटभरात उत्तर आलं, पंधरावं. मग म्हणाले, आता माहीम शोधा. सगळा वर्ग शोधत बसला. सापडणार कसं? माहीम नावाचं स्थानकच नाही. माहीममधल्या स्थानकाचं नाव शितळादेवी मंदिर. मंदिराच्या नावाला माझी काडीची हरकत नाही, देवीचं स्थान तिथे आहे, नाव योग्यच आहे. पण मखदूम शाह बाबांच्या दर्ग्याला किंवा माहीमच्या चर्चला बुधवारच्या नोव्हेनासाठी बाहेरगावाहून येणाऱ्याच्या डोक्यात एकच शब्द असतो, माहीम. तो शब्द स्थानकाच्या नावाखाली बारीक अक्षरात आला तर कुणाचं काय जातं?

हुतात्मा चौकाचंही तेच. संयुक्त महाराष्ट्रासाठी जीव दिलेल्यांचं नाव तिथे असायलाच हवं. पण जुना मुंबईकर पाहुण्याला पत्ता सांगतो तो "फाउंटन"चा. आचार्य अत्रे चौक म्हटल्यावर वरळी नाका किती जणांच्या लक्षात येईल? नाव देणं हा सन्मान झाला. वाट सांगणं हे वेगळं काम आहे, आणि आपल्याकडे पहिलं काम उरकलं की दुसरं झालं असं धरतात.

वर्गातल्या एका मुलीने मात्र माझीच विकेट घेतली. "मॅम, स्टेशन मिला. ऊपर आने के बाद किस तरफ जाना, वो इसमें किधर है?" मी कागद उलटसुलट करून पाहिला.

हा प्रश्न जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या मेट्रो नकाशालाही विचारता येतो. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची, जगातली पहिली. हॅरी बेक नावाच्या तिथल्या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये तिचा असा नकाशा काढला, ज्यात खरी अंतरं, खरी वळणं सगळी सोडून दिली होती. रेषा फक्त आडव्या, उभ्या आणि तिरक्या, विजेच्या मंडलाच्या आकृतीसारख्या. आधी साहेब लोकांनी तो नाकारला. १९३३ मध्ये छापला तर लोकांनी उचलून धरला, आणि आज जगभरातले मेट्रो नकाशे त्याच वळणावर जातात. बेकचं म्हणणं असं की, खाली असलेल्याला वरचा भूगोल नको, कुठे बसायचं आणि कुठे बदलायचं एवढंच हवं. बरोबर आहे. पण त्याच नकाशामुळे नवखे लोक कोव्हेंट गार्डनहून लेस्टर स्क्वेअरला गाडीने जातात, आणि ती दोन स्थानकं तीनशे मीटरच्या आत आहेत! नकाशा गाडीत बसवून देतो. गाडीतून उतरलेल्या माणसाचं पुढे काय, हे त्याला ठाऊक नसतं. तिथे पाटी लागते.

आणि पाटी वाचता न येणाऱ्याचं काय? याचं उत्तर मेक्सिको शहराने १९६९ मध्येच दिलं. तिथे मेट्रो सुरू झाली तेव्हा देशात निरक्षर माणसं बरीच होती. त्यांनी काय केलं? प्रत्येक स्थानकाला नावासोबत एक चित्र दिलं. पहिल्या मार्गाची चित्रं लान्स वायमन या अमेरिकी डिझायनरने केली. चापुल्तेपेक या नावाचा अर्थ तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत नाकतोड्यांची टेकडी, म्हणून त्या स्थानकाचं चित्र नाकतोडा. पिनो सुआरेझ स्थानक खोदताना जुनं देवस्थान सापडलं, म्हणून तिथे त्या देवस्थानाचं चित्र. आजही ती चित्रं आहेत, नव्या मार्गांनाही देत आले आहेत. तिथली आजी नातवाला "नाकतोड्यापाशी उतर" असं सांगू शकते. माझ्या खालाला नाकतोडा कळतो, सर.

आपल्याकडेही हे अगदीच कुणाला सुचलं नाही असं नाही. दिल्ली मेट्रोत मार्ग बदलायच्या काही मोठ्या स्थानकांत फरशीवर रंगीत पावलं काढली आहेत. पावलांच्या मागे चालत जायचं, पोचता. याला किती खर्च आला असेल? बोगद्याच्या खर्चापुढे रंगाचे डबे मोजायचे का?

पाट्यांवरच्या मराठीबद्दलही बोलायला हवं, कारण तो माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. मराठी हवीच, मोठ्या अक्षरात हवी, पहिली हवी. पण सरकारी इमारतींत लिफ्टवर "उद्वाहन" लिहितात ते कुणासाठी? माझ्या उर्दू माध्यमाच्या मुलींना मी तो शब्द तीनदा लिहायला लावते, आणि घरी जाऊन त्यांनी मराठी माध्यमाच्या शेजारणीला विचारलं तर तिलाही येत नाही. "बाहेर जायचा रस्ता" हे मराठी नाही का? पाटीवर "बाहेर" लिहिलं तर मराठीची इज्जत कमी होते का? जी मराठी कुणी बोलत नाही ती लिहून ठेवली की मराठी माणूसही मुकाट्याने खालची इंग्रजी वाचतो. मग मराठीची पाटी फक्त मान राखायला उरते.

आता कुणीतरी म्हणेलच, म्हणजे मॅडमना उर्दूत पाट्या हव्यात. तर नाही, मी ती मागणी करत नाहीये. पातूर नगरपरिषदेच्या एका पाटीवर मराठीखाली उर्दू असावी की नसावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने उर्दू राहू द्या म्हटलं, भाषा म्हणजे धर्म नव्हे हेही सांगितलं. निकाल वाचून मला आनंद झाला. पण खालाला बाहेरची वाट दाखवायला लिपीच लागत नाही. बाण लागतो, चित्र लागतं, फरशीवर रंग लागतो. प्रत्येक तोंडाशी बाहेरच्या ओळखीच्या चार जागा लागतात, कुठलं हॉस्पिटल, कुठलं मार्केट, कुठला दर्गा, कुठलं देऊळ. आणि "मला विचारा" असं अंगावर लिहिलेला एक माणूस लागतो, ज्याच्या हातात बॅग तपासायची काठी नाही.

थोडं घरातलंही बोलते. आमच्या किती मुलींना आम्ही एकटीने वाट शोधू देतो? भाऊ सोडायला, अब्बा आणायला. वीस वर्षं शिकवतेय, दहावीनंतर शहरात गेलेल्या मुलींचा पहिला फोन अभ्यासाचा नसतो, "मॅम, कौनसी बस?" असा असतो. वाट चुकणं आणि पुन्हा सापडणं ही सवय लागते. आम्ही मुलींना चुकूच देत नाही आणि मग म्हणतो, हिला काही कळत नाही. सरांच्या वाक्यात आणि आमच्या या वाक्यात मला फार फरक दिसत नाही. म्हणून नववीच्या मुलींना घेऊन मेट्रोने जायची परवानगी मुख्याध्यापकांकडे मागितली आहे. पालकांच्या सह्या येतायत. बत्तीसपैकी अकरा आल्या.

खालाची पुढची तपासणी पंधरा तारखेला आहे. तिने यावेळी स्वतःची खूण ठरवली आहे. ज्या तोंडातून आम्ही शेवटी बाहेर आलो, त्याच्यासमोर उसाच्या रसाचा गाडा होता, हिरवं छत, त्याला टांगलेली लिंबं. "वो गाडा दिखा की बस," म्हणते. मी तिला सांगितलं नाही की गाडे हलतात.