अजिंठ्याचे दोन पाषाणगज

केनवडकडील शाळांची सहल अजिंठ्यास गेली म्हणजे मुले पहिल्या लेण्यापासून चालू लागतात, चित्रे पाहतात व थकून परततात. सोळाव्या लेण्याखाली, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांशी, गुडघे टेकून बसलेले दोन दगडी हत्ती बहुतेकांच्या दृष्टीस पडतच नाहीत. आम्हांस याचा खेद वाटतो. कारण ते लेणे आपल्या वाशीमचेच म्हटले पाहिजे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात हे लेणे कोरविले व त्याचे पुण्य आपल्या मातापितरांस अर्पिले, असे तेथील शिलालेखच सांगतो. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग यानेही दाराबाहेरील दगडी हत्तींची नोंद केली आहे. ते ओरडले की धरणी कापते, ही लोकवार्ताही त्याने टिपली. (लहान मुलांस एवढे सांगितले तरी ती धावत पायऱ्या उतरतील!)

पालकांस मात्र आमची एक विनंती आहे. १८१९ साली या लेण्यांत शिरलेला इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ दहाव्या लेण्यात आपले नाव कोरून गेला. त्याचाच कित्ता गिरविणारे अद्याप आढळतात. कायद्याने यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तथापि मुलांस कायद्याचा धाक घालण्यापेक्षा खिशातील खिळा घरीच काढून घ्यावा आणि हाती वही-पेन्सिल द्यावी. हत्तीचा एक गुडघा कागदावर नीट उतरविण्यास अर्धा तास सहज लागतो.