पुरावा कोणी द्यायचा?

क्रेडिट कार्डाच्या मासिक हिशेबात आपण कधीही न केलेल्या खरेदीची रक्कम दिसली, की सामान्य मनुष्य प्रथम स्वतःवरच संशय घेतो. आपणच काही विसरलो काय, मुलाने मोबाईलवर भलतेच काही दाबले काय, अशी चौकशी तो घरात करीत बसतो. बँकही प्रथम त्याच्यावरच संशय घेते. हे दोन संशय एकमेकांना मिळाले की बँकेचे काम सोपे होते आणि जे देणे त्याचे नव्हे ते तो गुपचूप भरून टाकतो. हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञानाचा दिसतो. वस्तुतः तो सत्तेचा आहे. यंत्र बँकेचे, नोंदी बँकेच्या, त्या नोंदी वाचणारे तज्ज्ञही बँकेचे. आणि निर्दोषत्व मात्र ग्राहकाने सिद्ध करावयाचे, असा हा न्याय आहे.

क्रेडिट कार्ड ही सुखवस्तूंची चैन. चळवळीने तिच्यापायी वेळ का दवडावा, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. तो आता टिकणारा नाही. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा शेतकऱ्याला आणि कारागिराला बँकेच्या दारात प्रवेश मिळावा, हा आग्रह होता. २०१४ च्या जनधन योजनेनंतर कोट्यवधींना खाती मिळाली, पण त्या खात्यांची वाट खिडकीवरून कमी आणि कार्ड, मोबाईल व बोटाचा ठसा यांच्यावरून अधिक जाते. खिडकीवरचा कारकून निदान चेहरा ओळखत असे. नवी व्यवस्था आकडा ओळखते. तो आकडा ज्याच्या हाती लागेल त्यालाच ती खातेदार समजते.

यंत्र चुकत नाही, हा दावा कोणत्या थराला जाऊ शकतो ते ब्रिटनने पाहिले आहे. १९९२ साली केंब्रिजशायरमधील एक पोलीस शिपाई ग्रीसमधील सुट्टी संपवून परतला, तेव्हा त्याच्या खात्यातून त्याने न काढलेले ४६० पौंड गेलेले होते. त्याने तक्रार केली. वित्तसंस्थेने आपली संगणकव्यवस्था निर्दोष असल्याचे सांगितले. ज्या अर्थी व्यवस्था निर्दोष, त्या अर्थी तक्रारदार लबाड, असे तर्कशास्त्र पुढे चालले आणि १९९४ मध्ये फसवणुकीचा प्रयत्न केल्याबद्दल त्या शिपायालाच दोषी ठरविण्यात आले. १९९६ मध्ये अपिलात तो सुटला. केंब्रिजचे संगणकतज्ज्ञ रॉस अँडरसन यांना त्याच्या वतीने ती व्यवस्था तपासावयाची होती. संस्थेने तपासू दिली नाही. ज्या यंत्राची तपासणी करू दिली जात नाही त्याचा पुरावा मानावयाचा कसा, हा प्रश्न अखेर न्यायालयाला पडला. चार वर्षे मात्र त्या माणसाची गेली.

अमेरिका हा भांडवलशाहीचा बालेकिल्ला. पण तेथे या बाबतीत कायद्याने बँकांना लवकर वेसण घातली. १९६६ साली शिकागोतील बँकांनी लक्षावधी लोकांना न मागता टपालाने कार्डे धाडली, ती चोरीला गेली, आणि कार्ड कधी हातातही न पडलेल्या लोकांच्या नावे हिशेब निघू लागले. या गोंधळानंतर १९७० मध्ये न मागता कार्ड पाठविण्यास बंदी झाली आणि कार्डाच्या अनधिकृत वापराबद्दल ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरपुरती मर्यादित झाली. १९७४ च्या कायद्याने हिशेबातील रकमेला लेखी हरकत घेण्यासाठी ६० दिवसांची मुदत मिळाली. तोटा आपल्याच गळ्यात पडणार हे कळताच बँकांना सुरक्षिततेची आठवण झाली. ग्राहकजागृतीच्या जाहिरातींनी हे घडले नसते.

भारतात हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने मान्य केले. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुठल्या तरी दुव्याची आहे, आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास ठराविक मर्यादेपर्यंतच तोटा त्याचा. कळविल्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करावयाची आणि नव्वद दिवसांत निकाल द्यावयाचा. या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनी फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत आकार लावण्यास मनाई केली.

कागदावर इतके असूनही शाखेत ऐकू येणारे उत्तर ठरलेले असते: “ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आला होता.” एवढे म्हटले की भार पुन्हा ग्राहकाच्या खांद्यावर. ग्राहकाने स्वतः आकडा सांगितला असेल तर कळवीपर्यंतचा तोटा त्याचा, हे परिपत्रकातच आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. पण आकडा त्याने सांगितला हे दाखवावयाचे कोणी? शिवाय ओटीपीसारख्या जादा पडताळणीची सक्ती २००९ पासून देशांतर्गत ऑनलाइन व्यवहारांना झाली. परदेशी संकेतस्थळांवर कार्डाचा क्रमांक आणि मागील तीन आकडे एवढ्यावर वर्षानुवर्षे खरेदी होत आली. २०१६ साली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याचा संशय आला, त्याला कार्डधारकांचा निष्काळजीपणा कारण नव्हता. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम दोन-तीन दिवसांत लुटली गेली. बनावट कार्डांना होकार देणारी खोटी यंत्रणाच चोरांनी उभी केली होती. बँकेलाच आपले दार उघडे असल्याचे कळत नसेल, तर कारकुनाने पेन्शनराला निष्काळजी म्हणावे हे धार्ष्ट्यच म्हटले पाहिजे.

न्यायालयांनी अलीकडे ही बाजू उचलून धरली आहे. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच परिपत्रकाच्या आधारे एका सार्वजनिक क्षेत्रातील बँकेला ७६ लाखांहून अधिक रक्कम परत करावयास सांगितले. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निर्णय कायम करून स्टेट बँकेला ९४ हजार रुपयांच्या फसवणुकीबद्दल जबाबदार धरले. त्या ग्राहकाने चोवीस तासांच्या आत तक्रार केली होती, हे निर्णायक ठरले. अर्थात उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत किती जणांची असते?

म्हणून कार्यकर्त्यांनी लक्ष घालावयाचे ते पहिल्या चोवीस तासांत. प्रत्येक अनोळखी नोंद लबाडीची नसते; दुकानाची पाटी एक आणि नोंदणीकृत नाव दुसरे, किंवा विसरलेली मासिक वर्गणी, असेही निघते. तेवढे पाहून झाले की कार्ड बंद करावयास लावावे. त्यासाठीचा दूरध्वनी कार्डाच्या मागचाच घ्यावा, इंटरनेटवर शोधू नये. तेथे चोरांनीच आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. तक्रार लेखी द्यावी व पोच घ्यावी. तोंडी आश्वासनाला तारीख नसते, आणि सगळा झगडा तारखेचा आहे. १९३० या सरकारी क्रमांकावरही कळवावे. क्रेडिट कार्डाच्या ग्राहकाला एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे: डेबिट कार्डात पैसा गेलेला असतो, येथे तो अजून त्याच्याच खिशात आहे, बँक केवळ मागते आहे. मान्य रक्कम वेळेवर भरावी आणि अमान्य रकमेला लेखी हरकत घ्यावी. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

राहिला प्रश्न परिपत्रकातील उणिवांचा. मर्यादित जबाबदारीच्या टप्प्यात मूळ बचत खात्याच्या गरीब खातेदारावर पाच हजारांपर्यंतचा आणि पाच लाखांपर्यंतच्या क्रेडिट कार्डधारकावर दहा हजारांपर्यंतचा तोटा टाकला गेला. आकडा निम्मा दिसतो. पण ऊसतोड कामगाराचे पाच हजार आणि प्राध्यापकाचे दहा हजार यांची तुलना ज्याने केली त्याने मजुरीचे दर पाहिलेले नसावेत. तीन दिवसांचे घड्याळ बँकेच्या संदेशापासून सुरू होते आणि तो संदेश बहुधा इंग्रजीत असतो. त्या संदेशाला उलट उत्तर पाठवून तत्काळ हरकत घेता यावी, अशी सोय बँकांनी करावी असेही २०१७ मध्येच बजावले होते. ज्यांना असे संदेश येतात त्यांनी एकदा उत्तर धाडून पाहावे. संदेश मराठीत हवा, उत्तराची सोय खरोखरीची हवी, आणि तक्रार फेटाळताना बँकेने कोणत्या नोंदींवरून ती फेटाळली त्या नोंदींची प्रत ग्राहकाच्या हातात पडली पाहिजे. या तीन मागण्या घेऊन प्रत्येक तालुक्यातील शाखाधिकाऱ्याकडे जाण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.