पोनिकीचे बी

बासरच्या ज्ञानसरस्वतीपुढे लेकरांना अक्षराभ्यासाला बसविण्यासाठी धर्माबाद-नांदेडकडून येणाऱ्या मराठी कुटुंबांना निर्मळची रंगीत लाकडी खेळणी अपरिचित नाहीत. परंतु ती ज्या पोनिकी वृक्षापासून घडतात, तो पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील रानांतून दुर्मीळ होत चालला असून, २०१६ साली बासर ज्या निर्मळ जिल्ह्यात गेले, त्या जिल्ह्याच्या वृक्षलागवडीत या झाडाला अग्रमान मिळावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

एरंडाच्या कुळातील हा पानगळीचा वृक्ष कोरड्या, खडकाळ उतारावर वाढतो, आणि त्याचे लाकूड इतके हलके व मऊ, की नकाश कारागिराच्या पटाशीखाली ते विनासायास आकार घेते. खेळण्याचे अवयव निरनिराळे कोरून, चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून केलेल्या लगद्याने सांधतात, आणि सांधा वाळला, घासून गुळगुळीत झाला, म्हणजे त्यावर रंग चढतो. या कलेला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण लाभले आहे खरे; पण त्या दाखल्याने रानात एकही झाड उगवत नाही.

युरोपात ओकचे रान पुन्हा उभे करणाऱ्यांना त्याचे बी वाळू न देता लवकर पेरावे लागते, कारण ओल गेली की ते मरते. पोनिकीची अडचण निराळी आहे. तिचे बी कठीण कवचात बंदिस्त असल्याने उगवण अनिश्चित, आणि तेलंगण सरकारने २०१५ साली आरंभिलेल्या हरितहारमसारख्या मोहिमेत, जिथे लावलेल्या रोपांची संख्या हा कामाचा मोठा दाखला ठरतो, तिथे अशा हट्टी बियापेक्षा झटपट उगवणाऱ्या जातींकडे रोपवाटिकेचा ओढा राहणे स्वाभाविक आहे. म्हणूनच सरकारी दप्तरात रोपांच्या संख्येच्या रकान्याशेजारी पाचव्या वर्षी जगलेल्या झाडांचा रकाना हवा, आणि खर्चाची तरतूद खड्डे खणण्यापुरती न थांबता त्या पाच वर्षांच्या राखणीलाही पुरली पाहिजे.

रानातील जुनी पोनिकी कोठे उभी आहे, तिचे फळ केव्हा पिकते, हे तेथील गोंड व कोलाम रहिवाशांइतके वनखात्याच्या कारकुनास ठाऊक असणे शक्य नाही. बी वेचण्याचे काम त्यांना रास्त मजुरीने द्यावे, आणि पुढे तयार होणाऱ्या लाकडावर नकाश कारागिरांचा पहिला हक्क आजच लेखी नोंदवावा.