एका ‘ओन्ली’चा घोटाळा

आमच्या बचत गटातली एक बाई बोईसरजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाते. एके दिवशी मशीनमधून वेगळाच आवाज यायला लागला. तिने ते लगेच बंद केलं, सुपरवायझरना कळवलं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर सुट्टीवर आणि चौकशीला आलेले साहेब नवीन, बाहेरचे. साहेब इंग्रजीत विचारतायत म्हटल्यावर हिनेही धीर करून इंग्रजीत उत्तर दिलं, “आय ओन्ली स्टॉप्ड मशीन.”

तिला म्हणायचं होतं, ‘मीच मशीन बंद केलं.’ साहेबांना ऐकू आलं, ‘मी फक्त मशीन बंद केलं.’ फक्त बंद केलं? मग कळवलं का नाही? झालं, हातात कागद आणि दोन दिवस घरी. सुपरवायझर परत आले तेव्हा उलगडा झाला, पण दोन दिवसांचा रोज गेला तो गेलाच.

तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली होती. “ताई, मी खरं तेच बोलले, मग चुकलं कुठे?” त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. बीए होऊन मला वीस वर्षं होऊन गेली, पण हा ‘ओन्ली’ मीसुद्धा असाच वापरत आले होते!

मैत्रिणींनो, आपल्या मराठीत ‘च’ नावाचं एक इवलंसं अक्षर आहे. ते ज्याला चिकटेल त्याला वजन येतं. मीच केलं, आजच केलं, इथेच केलं. इंग्रजीत असा ‘च’ नाही, म्हणून आपण त्याच्या जागी ‘ओन्ली’ डकवतो. पण क्रियापदाच्या आधी आलेला ‘ओन्ली’ बहुतेक वेळा ‘फक्त’ असाच ऐकू जातो. तिने ‘आय स्टॉप्ड द मशीन मायसेल्फ’ म्हटलं असतं, तर तिचे दोन दिवस वाचले असते.

तेव्हापासून आमच्या गटात रविवारी दुपारी तासभर आम्ही इंग्रजीची वाक्यं करायला बसतो. मी काही शिक्षिका नाही, त्यांच्याबरोबर मीही शिकते. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं. गटातल्या बऱ्याच जणी त्याआधीच्या. काहींची घरातली बोली वारली, म्हणजे पुस्तकातली मराठीही त्या शाळेत गेल्यावरच शिकल्या. त्यांच्यासमोर बारा काळांचा तक्ता मांडून काय उपयोग? आम्ही तीनच गोष्टी धरल्या. कोण, काय करतं, आणि कसं किंवा कधी. शाळेच्या भाषेत सर्वनाम, क्रियापद आणि क्रियाविशेषण.

पहिली अडचण आली ती ‘कोण’पाशी. मराठीत ‘काल जेवले नाही’ म्हटलं की बोलणारी बाई स्वतःबद्दल सांगतेय हे कळतं. ‘जेवली नाही’ म्हटलं की ती, ‘जेवला नाही’ म्हटलं की तो. सर्वनाम गाळलं तरी क्रियापद सगळं सांगून टाकतं. इंग्रजीत मात्र ‘डिडन्ट ईट’ सगळ्यांना एकच. तिथे ‘आय’, ‘ही’, ‘शी’ गाळून चालतच नाही. आमच्यातली एक जण सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेली आणि म्हणाली, “टू डेज नॉट ईटिंग, नॉट स्लीपिंग.” डॉक्टरांनी तिचीच नाडी धरली! आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. पण औषधही तिच्याच नावाने लिहून दिलं असतं तर?

दुसरं असं, की आपल्याकडे ताप ‘येतो’, भूक ‘लागते’, इंग्रजी ‘येत नाही’. येणारा ताप, लागणारी भूक, आपण आपल्या ‘मला’ म्हणून बाजूला. इंग्रजीत ‘आय’ला पुढे यावं लागतं. आय हॅव अ फीवर. आय ॲम हंग्री. आय डोन्ट नो इंग्लिश. पहिल्या रविवारी ‘आय’ने सुरुवात करायला कुणी तयारच होईना. ‘घरचे म्हणतात’, ‘आमच्यात असं करत नाहीत’, असं बोलायची सवय. पण सहीच्या कागदापुढे घरचे नसतात, आपणच असतो.

‘यू’ने मात्र सगळ्यांना खूश केलं. साहेबांनाही ‘यू’ आणि झाडूवाल्या मावशींनाही ‘यू’! दिवसभर ज्यांना सगळे ‘तू’ म्हणतात आणि ज्या सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणतात, त्यांना यातली गंमत सांगावी लागली नाही.

मग आलं क्रियाविशेषण. मराठीत ‘रोज’ कुठेही ठेवा, मी रोज येते, रोज मी येते, येते मी रोज, बिघडत काही नाही. इंग्रजीत जागा सांभाळावी लागते. कसं आणि कुठे हे सहसा क्रियापदानंतर, आय वर्क हिअर. नेहमी आणि कधीच नाही हे क्रियापदाआधी, आय नेव्हर साइन ब्लँक पेपर्स. पण ‘ॲम’ असेल तर त्याच्यानंतर, आय ॲम ऑल्वेज ऑन टाइम. आणि सगळ्यांना पाठ असलेलं आमचं आवडतं वाक्य, प्लीज स्पीक स्लोली.

काही जण मला विचारतात, महाराष्ट्रात राहून हे इंग्रजीचं खूळ कशाला? प्रश्न चुकीचा नाही. कारखान्यातल्या सूचना आणि कामगाराच्या हाती पडणारे कागद मराठीत असायलाच हवेत, आणि साहेबांनीही चार वाक्यं मराठी शिकायला हवी. पण ते होईपर्यंत कागद इंग्रजीतच येतोय. १९६९ साली तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झालं, शेजारी एमआयडीसी उभी राहिली, देशभरातून माणसं आली. आज बोईसरच्या बाजारात मराठी, हिंदी, गुजराती, भोजपुरी सगळं कानावर पडतं. पण भांडण झालं की शेवटचा शब्द कागदावरच्या इंग्रजीचा असतो. म्हणून ही इंग्रजी मिरवायला नको, आपली बाजू मांडायला हवी.

‘इंग्लिश विंग्लिश’मधल्या शशी गोडबोलेला न्यूयॉर्कमध्ये चार आठवड्यांचा क्लास मिळाला. आमच्या बायकांना क्लासची फी परवडत नाही, आणि परवडली तरी तिथे ‘हाऊ डू यू डू’पासून सुरुवात. पालघर जिल्ह्यातच डहाणूजवळ कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ साली बोर्डीहून आपलं काम तिथे नेलं. आदिवासी मुलांना शिकवायला त्यांनी पानं, बिया, खडे, शंख-शिंपले वापरले. जे मुलांच्या हाताशी आहे, त्यातूनच शिक्षण. मग मोठ्या बायकांनाही त्यांच्या रोजच्या दिवसातूनच इंग्रजी का शिकवू नये? गेटपास, हजेरी, पगाराची स्लिप, दवाखाना, मुलांची शाळा. यातून रोज एक वाक्य निघालं तरी वर्षात तीनशे होतात.

आपल्यापैकी कितीतरी जणी पदवीधर आहोत. आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना, गटातल्या मैत्रिणीला रोज एक वाक्य देणं आपल्याला जड नाही. ‘आय’पासून सुरू करा. आणि ‘ओन्ली’ शिकवताना तो कुठे बसतो ते मात्र नीट सांगा.

आमची ती बाई पुन्हा कामावर रुजू झाली आहे. परवा साहेब काहीतरी भरभर बोलायला लागले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “सर, प्लीज स्पीक स्लोली.” साहेब थांबले आणि हळू बोलले. हे सांगायला ती संध्याकाळी मुद्दाम घरी आली होती.