निखाऱ्याचा पहिला धडा

एका रविवारी सकाळी ऑस्टिनहून भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे शनिवारची रात्र होती. 'मामा, तू विज्ञानावर लिहितोस ना? मग सांग, मांसाचं तापमान तीन तासांपासून ६८ अंशांवर अडकलंय. खाली निखारे छान फुललेत, वर मांस मात्र ढिम्म!'

बार्बेक्यू म्हटले की आपल्याला निखाऱ्यावर भाजलेले कबाब आठवतात. टेक्सासमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे झाकण बंद ठेवून, कोळशाच्या मंद आचेवर आणि लाकडाच्या धुरात मांस दहा-बारा तास शिजवतात. भांड्यातली हवा जेमतेम ११० ते १२० अंश सेल्सिअस तापलेली असते. भाच्याने त्यासाठी उंच पिंपासारखा 'स्मोकर' आणला होता. त्याच्या तळाशी कोळसा, मध्ये पाण्याचे भांडे आणि वर जाळी. हवा आत-बाहेर करायला खाली आणि झाकणावर झडपा. आजूबाजूच्या हौशी मंडळींचा एक गट आहे, त्यांच्याकडून तो हे शिकत होता.

मी उत्तर शोधेपर्यंत त्या गटातल्या एका जाणत्याने त्याला सांगून टाकले होते, 'काही करू नकोस. मांसाला घाम फुटलाय.' गोष्ट खरीच आहे. मांस साधारण ६५ ते ७५ अंशांवर आले की त्यातले पाणी पृष्ठभागावर येऊन उडू लागते. निखाऱ्याची उष्णता त्या बाष्पीभवनातच खर्च होते. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने मांस तापायचे थांबते. ग्रेग ब्लॉन्डर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने ओला स्पंज अशाच भांड्यात ठेवून पाहिला, तर त्याचेही तापमान तसेच अडकले. बाहेरचा थर सुकला की तापमान पुन्हा चढते आणि ९३-९५ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत चिवट कोलॅजेनचे मऊ जिलेटिन झालेले असते.

मला या गटाची शिकवण्याची रीत आवडली. आपल्याकडे स्वयंपाक शिकवताना 'अंदाजाने', 'चवीपुरते', 'वास सुटला की' असे शब्द वापरतात. ते चूक नाहीत, पण नवशिक्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. ही मंडळी आकड्यांत बोलतात. बाहेर वारा किती होता? खालची झडप पाव उघडी की अर्धी? कोळसा किती भरला? दोन तासांनी तापमान किती? कुणाचे मांस करपले किंवा कडू झाले, तर तेही तो लपवत नाही, सगळ्यांना सांगतो. पेटलेले मोजके निखारे न पेटलेल्या कोळशाच्या ढिगावर ठेवायचे, म्हणजे कोळसा हळूहळू पेट घेत रात्रभर पुरतो, ही युक्ती जिम मिनियन या हौशी स्पर्धकाच्या नावाने ओळखली जाते. ती एकाकडून दुसऱ्याकडे अशीच पोचली. अनुभव मोजला, लिहून ठेवला आणि चुकांसकट वाटला की त्याचे ज्ञान होते. प्रयोगशाळेत तरी याहून वेगळे काय करतात?

या सगळ्या शिकवणीच्या मुळाशी हवा आहे. लाकूड अपुऱ्या हवेत तापवले की पाणी आणि ज्वलनशील वायू निघून जातात आणि बराचसा कार्बन उरतो. तो कोळसा. म्हणून कोळसा मुख्यतः उष्णता देतो आणि चवीच्या धुरासाठी त्यावर ओक, हिकरी किंवा मेस्किटचे दोन-चार तुकडे टाकावे लागतात. (मेस्किट म्हणजे आपल्याकडे माळरानावर फोफावलेल्या वेड्या बाभळीचे अमेरिकेतले भावंड.) झडप उघडली की आच वाढते, मिटली की उतरते. लाकडाला हवा कमी पडली तर दाट पांढरा धूर निघतो आणि मांस कडवट होते. हवा नीट मिळाली तर धूर विरळ, निळसर दिसतो. झाकण सारखे उघडून पाहणाऱ्याची उष्णता निसटते आणि हवा मिळून निखारे मात्र भडकतात. महिनाभरात भाच्याचा झडपेवर हात बसला.

माझे म्हणणे इथून सुरू होते. चवीसाठी हवेचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्यांनी जिवासाठीही तो ठेवायला हवा. निखाऱ्याला हवा कमी मिळाली की कार्बन पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. मंद आचेसाठी आपण निखाऱ्याची हवा मुद्दाम तोडतो, म्हणजे हा वायू निघणारच. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. चूल पेटली की धूर डोळ्यांत जातो, ठसका लागतो, माणूस उठून खिडकी उघडतो. फुललेला निखारा असा कोणताही इशारा देत नाही.

धुरी दिलेले मांस कापले की कडेला गुलाबी कडी दिसते. हौशी माणसे ती अभिमानाने दाखवतात. धुरातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटतात, त्याचा तो रंग. रक्तात घात करणाऱ्या वायूची खूण अशी ताटात दिसते. ती खाण्यात धोका नाही, पण ती पाहून निखाऱ्यातून काय बाहेर पडते ते लक्षात राहावे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर कडाक्याच्या थंडीची लाट आली आणि लाखो घरांची वीज गेली. कोळशावर रांधण्यात ज्या राज्याचा हात कुणी धरू शकत नाही, तिथे लोकांनी उबेसाठी कोळशाच्या ग्रिल घरात आणल्या. कुणी बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवली, कुणी जनरेटर घराशेजारीच चालवला. एकट्या ह्यूस्टनच्या परिसरात शेकडो लोकांना कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली, त्यात लहान मुलेही होती. काही जण दगावले. अमेरिकेत कोळशाच्या पिशवीवर घर, तंबू आणि गाडीत कोळसा पेटवू नका, असा सचित्र इशारा छापणे बंधनकारक आहे. पण पिशवी फाडून फेकली की इशाराही जातो. शेजाऱ्याने सांगितलेली गोष्ट अधिक टिकते.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. खोलीत शेगडी पेटवून, दारे-खिडक्या लावून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही, अशी बातमी आपणही हिवाळ्यात वाचतो. शिवाय आता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ग्रिल आल्या आहेत आणि काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत त्या पेटतात. पाऊस आला की ग्रिल दोन पावले आत घेणारेही असतात.

धुराचा दुसरा धोका संथ आहे. लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्यांमधला कर्करोग काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्येच नोंदवले होते. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की त्याच जातीची संयुगे मांसावर बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. त्या व्याख्येत खारवण्याबरोबर धुरी देणेही येते. अशा मांसाच्या रोजच्या ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा तिचा अंदाज आहे. यात 'रोजच्या' हा शब्द महत्त्वाचा. सणासुदीला खाणाऱ्याने घाबरू नये, दर रविवारी खाणाऱ्याने थोडा विचार करावा आणि करपलेल्या कडा दोघांनीही ताटाबाहेर ठेवाव्यात.

संथ धोक्याचा विचार करायला वेळ मिळतो, वायूच्या बाबतीत तो मिळत नाही. म्हणून मसाला, लाकूड आणि झडपा यांच्या आधी शिकवायचा धडा एकच : निखारा उघड्यावर, घरापासून दूर. गॅरेज, तंबू, बंद गॅलरी म्हणजे उघड्यावर नव्हे. खिडकी किलकिली ठेवणे पुरेसे नाही. राख वरून गार दिसली तरी आतले निखारे कित्येक तास जिवंत असतात, म्हणून रात्री भांडे घरात आणू नये. निखाऱ्याजवळ डोके दुखू लागले, गरगरले, मळमळले तर पित्ताची गोळी शोधत बसू नये. सगळ्यांनी मोकळ्या हवेत जावे आणि रुग्णालय गाठावे. करोनाकाळात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर भरवसा नको. साध्या ऑक्सिमीटरला हा वायू आणि प्राणवायू यांतला फरक कळत नाही, त्यामुळे आकडा चांगला दिसत असतानाही माणूस गुदमरत असू शकतो.

त्या रात्री भाच्याचे मांस पहाटे तीनला तयार झाले. दुसऱ्या दिवशी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला : वारा, झडप, तापमान, तास, सगळे नीट लिहिलेले. मी विचारले, 'पिंप कुठे ठेवलं होतंस?' म्हणाला, 'गॅरेजच्या दारातच. पाऊस भुरभुरत होता ना.' गटातल्या कुणी हे त्याला विचारले नव्हते. सगळे मुरलेले, त्यांना ते सांगण्यासारखे वाटलेच नसेल.

आता त्याच्या वहीत एक रकाना वाढला आहे : 'जागा'. तो सगळ्यात पहिला आहे.