जुन्या गाडीची धाव

मराठी भाषेने ‘गाडी’ हा शब्द मोठ्या उदारपणाने वापरला आहे. बैलांची ती गाडी, रुळांवरची ती आगीनगाडी, आणि सावकाराच्या दारात उभी असलेली मोटार, तीही गाडीच. आमच्या आदिलाबादेकडे या औदार्याला आणखी एक जोड मिळाली आहे. यवतमाळकडील शेतकरी बैलगाडीला ‘बंडी’ म्हणतो, आणि पैनगंगेच्या अलीकडचा तेलुगू शेजारीही तिला बंडीच म्हणतो. मात्र त्याच्या बोलीत स्कूटर आणि मोटार याही बंड्याच. तेव्हा ‘जुन्या गाड्यांची शर्यत’ एवढेच शब्द उच्चारले, तर आमच्या भागातील निम्म्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे मोटार उभी राहील आणि निम्म्यांच्या डोळ्यांपुढे बैल. आजच्या लेखात आम्हांला या दोन्ही गाड्यांविषयी लिहावयाचे आहे.

आधी मोटारीचे पाहू. इंग्लंडात १९३४ साली काही हौशी मंडळींनी ‘व्हिन्टेज स्पोर्ट्स-कार क्लब’ नावाची संस्था काढली. १९३० पर्यंत जशा गाड्या होत तशा आता होत नाहीत, ही तिच्या संस्थापकांची तक्रार. म्हणजे जुन्यासाठी हळहळणाऱ्यांना तेव्हा चार वर्षांपूर्वीचा कालही ‘जुना जमाना’ वाटत होता. आपल्याकडील वडीलधाऱ्यांनी यातून धीर घ्यावा! ही संस्था आजही शनिवार-रविवार गाठून सिल्व्हरस्टोनसारख्या धावपट्टीवर किंवा प्रेस्कॉटच्या चढणीवर शर्यती भरवते. ज्यांची जागा संग्रहालयात असावी असे कोणालाही वाटेल, त्या नव्वद-शंभर वर्षांच्या मोटारी तेथे चिखल उडवीत धावतात. पुष्कळदा मालकच चालक आणि मालकच कारागीर. सकाळी गाडीची तपासणी, मग सराव, मग शर्यती, आणि मधल्या वेळात हात काळे करून गाडीखाली निजणे, असा त्या दोन दिवसांचा क्रम असतो. काही शर्यतींत दुबळ्या गाडीला आधी सोडतात आणि बलवान गाडीला मागाहून, म्हणजे शेवटच्या फेरीत सगळ्या एकमेकींच्या अंगावर येतात. पश्चिम महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीत ‘आदत’, ‘दुसा’, ‘चौसा’ असे दातांवरून गट पाडतात, त्यामागेही न्यायाची हीच दृष्टी आहे. इंग्रज गाडीचे साल पाहतो, आपण बैलाचा जबडा उघडून पाहतो.

या शर्यतींच्या मैदानावर एक वास असतो, आणि त्याचे वर्णन करताना इंग्रज लेखक हळवे होतात. तो वास एरंडेलाचा. जुन्या शर्यतीच्या इंजिनांना फार तापले तरी न पातळणारे वंगण लागे, आणि एरंडेल त्यात वाकबगार. १९०९ साली बाजारात आलेल्या ‘कॅस्ट्रॉल’ तेलाचे नावसुद्धा ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडेल यावरूनच पडले. आता तेलंगणातील वाचकाला एरंडेलाची ओळख आम्ही काय करून द्यावी? एरंडीची शेते या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. बंडीच्या आखाला चिंधीने चोपडायचे वंगणही तेच. ज्या तेलाने आपल्या आजोबांच्या बंडीची कुरकुर थांबे, त्याच तेलावर युरोपातील शर्यतीची मोटार धावत होती.

या जुन्या मोटारींपैकी एकीची हकीकत सांगण्याजोगी आहे. इटलीच्या फियाट कारखान्याने १९११ साली वेगाचा विक्रम करण्यासाठी ‘एस ७६’ नावाची राक्षसी गाडी बांधली. इंजिनाला सिलिंडर चारच, पण त्यांची एकूण क्षमता २८ लिटरांहून अधिक. एकेका सिलिंडरमध्ये सात लिटर! अशा दोनच गाड्या झाल्या आणि कालांतराने दोन्ही मोडल्या. पुढे एका इंग्रज हौशी गृहस्थाने एकीचा सांगाडा आणि दुसरीचे इंजिन मिळविले, उरलेले भाग जुनी छायाचित्रे पाहून नव्याने घडविले, आणि २०१५ साली गुडवुड येथे हा प्राणी धूर व ज्वाळा ओकीत पुन्हा धावला. ही गाडी ‘मूळची’ म्हणावी काय? नव्याने घडविलेल्या भागांना पुराणवस्तूचा मान द्यावा काय? पंडितांचा वाद चालू द्यावा. आम्हांला एवढेच दिसते की, ते इंजिन नुसते काचेआड ठेवले असते, तर ते सुरू कसे करावे हे जगातल्या कोणालाही उमगले नसते. ते ज्ञान चालविण्याच्या खटाटोपातूनच पुन्हा हाती आले.

धावणे म्हणजे नेहमी पहिले येणेच असते असे नाही. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनहून ब्रायटनपर्यंत काही मोटारी मिरवत गेल्या. मोटारीपुढे माणूस चालवावा लागे तो जाचक कायदा त्या दिवशी संपला, त्याचा तो आनंद. १९२७ पासून त्या प्रवासाची आठवण दर नोव्हेंबरात होते. १९०५ च्या आधीच्याच गाड्यांना त्यात प्रवेश, आणि पहिला-दुसरा असा क्रमांक नाहीच. पोहोचलात, हेच बक्षीस. वाटेत बंद पडलेल्या गाडीभोवती लोक छत्र्या घेऊन उभे राहतात, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

आपल्या देशात मात्र जुन्या मोटारीला आपण देव्हाऱ्यात बसवितो. हैदराबादेच्या चौमहल्ला राजवाड्यात एक पिवळी रोल्स-रॉइस आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागविली, पण १९११ साली त्यांचे निधन झाले आणि गाडी मागाहून आली. आत सिंहासनासारखी बैठक. एवढ्या थाटाची ही गाडी आपल्या शंभराहून अधिक वर्षांच्या आयुष्यात चारशे मैलदेखील धावलेली नाही! आमच्या जिल्ह्यातला बैल एका सुगीत याहून अधिक चालत असे. पुढे निजामाच्याच राज्यात १९३२ साली रेल्वे खात्याने सत्तावीस बसगाड्यांवर प्रवासी वाहतूक सुरू केली, त्यांतील एक ॲल्बियन बस ‘डेक्कन क्वीन’ या नावाने हैदराबादेत जपून ठेवली आहे. पुढे महामंडळाच्या बसक्रमांकात ‘झेड’ अक्षर आले, ते निजामाच्या मातोश्री जहरा बेगम यांच्या नावावरून, असे सांगतात. सिंहासनाच्या मोटारीपेक्षा या बसचे आम्हांला अधिक अगत्य वाटते. तिने माणसे नेली.

प्रदर्शने मात्र हल्ली डौलात होतात. मराठी माणसाचे जुने घर असलेल्या बडोद्यात, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात, जानेवारी २०२३ मध्ये शुक्रवार ते रविवार असा तीन दिवसांचा मोठा मेळा भरला, आणि देशभरातील जुन्या मोटारी तेथे ओळीने उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या, हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. गुण मिळतात ते रंगाला, चकाकीला आणि मूळ भागांना. सरकारनेही २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांना निराळी नोंदणी दिली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण नोंदणीला वीस हजार रुपये, आणि नित्याच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर आणावयाची नाही. मेळा, प्रदर्शन, दुरुस्ती, तेल भरणे अशा कारणांपुरतीच मोकळीक. वडिलांची जुनी मोटार मायेने चालविणाऱ्या मध्यमवर्गीयाला हे परवडावयाचे नाही. हा छंद श्रीमंतांचा राहिला, आणि नियमांनी तो अधिकच तसा केला, असे आमचे मत आहे.

मग सामान्य माणसाची जुनी गाडी जिथे खरोखर धावते ती जागा कोणती? विदर्भातला शंकरपट. हिवाळ्यात शेतीची घाई ओसरली की गावोगावी पट भरतो. हलका छकडा, त्यावर तोल सावरून उभा धुरकरी, पुढे बैलांची जोडी, आणि निकाल सेकंदांवर. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट विशेष नामांकित. तेथे स्त्रियाही धुरकरी म्हणून उतरल्या आहेत. पैनगंगेच्या अलीकडील पुष्कळ मराठी घरांची सोयरीक पलीकडे आहे, आणि पटाच्या दिवसांत पाहुण्यांची ये-जा कशासाठी वाढते हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

पण मोटारीचे इंजिन फुटले तर मालकाच्या खिशाला भोक पडते. बैलाचा पाय मोडला तर मुक्या जिवाचा अंत होतो. येथे दोन गाड्यांची तुलना थांबते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू व बैलगाडी शर्यती यांवर बंदी घातली, तेव्हा गावोगाव संताप झाला. परंतु शेपटी पिरगाळणे, टोकदार आर खुपसणे हे प्रकार घडत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना तात्पुरती वाट मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तीन राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरविले. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्याची तपासणी हवी, चाबूक-काठी नको. मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. तो निकाल त्या तीन राज्यांच्या कायद्यांविषयीचा आहे, हे नदीच्या अलीकडील आयोजकांनी विसरू नये.

शर्यतींमुळे देशी वाण टिकतो, असे समर्थक म्हणतात. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. वर्धा-नागपूरकडील गौळाऊ हा चपळ वाण. मराठ्यांच्या फौजेसोबत वेगाने ओझे वाहण्यासाठी तो वाढला, असे मानतात. त्याला टिकविले ते नांगराने, बंडीने आणि रोजच्या कामाने. आज पटाची जोडी लाखांत विकते आणि शेजारच्या गोठ्यातली साधी जोडी ट्रॅक्टरचा हप्ता भरण्यासाठी बाजारात जाते. वर्षातून दोन दिवसांच्या धावेने वाण वाचावयाचा असेल, तर तो मूठभर मालकांच्याच दावणीला वाचेल. तरीही, आर बाहेर ठेवून आणि तपासणी मनापासून करून पट भरणार असेल, तर तो भरावा, या बाजूचे आम्ही आहोत.

धावण्याची सक्ती नसलेली एक यात्रा आमच्याच जिल्ह्यात आहे. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. गोंडांतील मेश्राम कुळाची मंडळी गोदावरीचे पाणी पायी आणतात, आणि कुटुंबे बैलगाड्यांतून येऊन वडाखाली उतरतात. तेथे कोणी कोणाला मागे टाकीत नाही. लंडन-ब्रायटनच्या प्रवाशांनी ही रीत ओळखली असती.

गाडी कोणतीही असो, तिला धाव लागते. हे आम्ही अक्षरशः म्हणतो. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी पट्टीला मराठीत ‘धाव’ हाच शब्द आहे. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसविलेले पुठे, एवढे सुताराचे काम. मग लोहार चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान अशी पट्टी वळवितो, शेणीच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवितो, फुगलेली पट्टी चाकावर चढवितो आणि वरून पाणी ओततो. आवळत जाणारी धाव सगळे सांधे असे घट्ट करते की, खिळ्याची गरज राहत नाही. घेर किती कमी ठेवावा याचे माप पुस्तकात नसते. कमी-जास्त झाले तर एक तर आरा मोडतो, नाही तर उन्हाळ्यात धाव वाटेतच निसटते. रबरी टायरची बंडी आली आणि हे माप जाणणारे हात निरुद्योगी झाले. आज राष्ट्रीय महामार्ग ४४ वरच्या ढाब्यांच्या भिंतींवर तीच चाके रंगवून, दिवे लावून टांगलेली दिसतात.

वाचकांपैकी कोणाच्या गोठ्यात जुनी बंडी, रेंगी किंवा दमणी अजून उभी असेल, तर चाके विकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना तिच्यापाशी नेऊन एकेका भागाचे नाव लिहून घ्यावे. मराठी नाव, शेजारच्या घरातले तेलुगू नाव, आणि गोंडी सोबती असेल तर त्याचेही. धाव चढविणारा लोहार गावात हयात असेल, तर तसेही कळवावे. मिळालेली नावे आम्ही याच सदरात क्रमाने देऊ.